पूर्णेपलीकडचा दावा

मंठ्याहून तळणीच्या अंगाने निघाले आणि पूर्णा ओलांडून तसेच पुढे गेले की लोणार येते. आज ही वाट जालना जिल्ह्यातून बुलढाणा जिल्ह्यात जाते, एवढाच काय तो फरक. माझ्या आबांच्या तरुणपणी हीच वाट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होती. अलीकडे मोगलाई, पलीकडे इंग्रजी. अलीकडे निजामाचा हाली रुपया, पलीकडे कलदार. अलीकडे कचेरीचा कारभार उर्दूत, पलीकडे मराठी शाळा. आणि मध्ये करोडगिरीचा नाका, म्हणजे निजाम सरकारची जकात.

आमचा मुलूख तेव्हा परभणी जिल्ह्यात, परतूर तालुक्यात मोडायचा. आजीचे माहेर लोणारकडचे. तिचे लग्न ठरले तेव्हा भावकीतल्या एका म्हाताऱ्याने तिच्या वडलांना सुनावले होते, "मोगलाईत पोरगी काऊन देता? तिथं उद्या काय व्हईल, काही नेम हाय का?" ही गोष्ट आजी पन्नास वेळा सांगायची आणि दर वेळी पुढे म्हणायची, "अन् तोच म्हातारा नंतर आमाला म्हणला, या, इथं ऱ्हा." या दोन वाक्यांच्या मधल्या काळात जे घडले, ते मला आधी घरातून कळले आणि पुस्तकांतून फार उशिरा. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहिले तेव्हा उमगले की आजीच्या लग्नात ज्या हद्दीवरून कुरबूर झाली, तीच हद्द हैदराबाद, दिल्ली आणि लंडन यांच्यातल्या जवळजवळ शंभर वर्षांच्या वादाचा विषय होती.

पूर्णेपलीकडचे वऱ्हाड मूळचे निजामाच्या राज्यातले. इंग्रजांनी हैदराबादेवर 'कंटिन्जंट' नावाची फौज लादली, तिचा खर्च निजामाच्या माथी मारला, आणि तो थकला तेव्हा १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार स्वतःकडे घेतला. पुढे १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने मीर महबूब अली खानाकडून वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने लिहून घेतले. वर्षाला २५ लाख रुपये निजामाला द्यायचे, आणि वऱ्हाड मध्य प्रांताला जोडून टाकायचे. निजामावर यात अन्याय झाला होता, हे मान्य करायला हवे. ज्या फौजेवर त्याची हुकमत चालत नव्हती, त्या फौजेच्या खर्चापायी त्याचा सुपीक कापूसपट्टा गेला.

सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने हे शल्य कधी मनाआड केले नाही. पहिल्या महायुद्धात त्याने इंग्रजांना पैसा दिला, विमाने दिली. ब्रिटिश हवाई दलाच्या ११० व्या तुकडीला 'हैदराबाद' हे नाव त्यावरूनच पडले. बदल्यात त्याला 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' आणि 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त' असे किताब मिळाले. पण त्याला किताबांपेक्षा मुलूख हवा होता. १९२३ मध्ये त्याने व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगला लिहून वऱ्हाड परत मागितले. मार्च १९२६ मध्ये रीडिंगचे उत्तर आले. हिंदुस्थानात इंग्रजांची सत्ता सर्वोच्च आहे आणि कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलणी करता येणार नाहीत, असा त्याचा आशय होता. दोस्त म्हणून गौरवलेल्या राजाला त्याची जागा दाखवून देण्यात आली. १९३६ मध्ये तडजोड झाली. वऱ्हाडवर निजामाचे सार्वभौमत्व आहे असे कागदावर मान्य झाले, त्याच्या किताबात 'हैदराबाद आणि वऱ्हाड' आले आणि थोरला मुलगा आझम जाह 'प्रिन्स ऑफ बेरार' झाला. राज्य मात्र इंग्रजांचेच राहिले.

आबांना या तहांची खबर नव्हती. त्यांना नाका ठाऊक होता. लोणारच्या बाजारातून साखर, कापड, रॉकेल आणायचे तर करोडगिरीवाल्याला दाखवायचे, नाहीतर रात्रीच्या वेळी नदीच्या उतारावरून आणायचे. "दिवसा आणलं तर जकात, रातच्याला आणलं तर चोरी. सासरवाडीहून लुगडं आणायचं तरी जीव मुठीत," असे ते सांगत. जो राजा वऱ्हाड माझेच आहे म्हणून लंडनपर्यंत भांडत होता, त्याच्याच राज्यात वऱ्हाडातून आलेल्या लुगड्याला परक्या मालासारखी जकात लागत होती. दाव्यात वऱ्हाड घरचे होते, वसुलीत बाहेरचे.

या राज्यातल्या माणसांची दशा काय होती, हेही सांगायला हवे. १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणे हैदराबादची लोकसंख्या १ कोटी ६३ लाखांच्या घरात होती आणि तीत दहातले आठाहून अधिक लोक हिंदू होते. मराठी, तेलुगू आणि कन्नड या तीन भाषांचा हा मुलूख. कारभार मात्र उर्दूत आणि सत्ता मूठभर जहागीरदार-अमीरांच्या हाती. सभा घ्यायची तर 'गश्ती निशाण ५३' आडवे यायचे, आगाऊ परवानगी लागायची. या अंधारात १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते आमच्याच परतूरला, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली. परतूर हे मनमाड–काचीगुडा रेल्वेवरचे स्टेशन, त्यामुळे दूरदूरचे लोक येऊ शकले. थोरले आजोबा, म्हणजे आबांचे भाऊ, बैलगाडीने परतूरला गेले होते. भाषणांतले त्यांना फारसे आठवत नसे. "मराठीत बोलत होते अन् कोणी त्यांना थांबवीत नव्हतं," एवढे मात्र ते हटकून सांगत. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या जन्माआधीच बंदी आली, सत्याग्रह झाला, आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यातली तरुण पोरे तुरुंगात जाऊ लागली. ती बंदी १९४६ मध्ये उठली.

दुसरे महायुद्ध संपले. या युद्धातही निजामाने इंग्रजांना भरभरून दिले होते, आणि पुन्हा एकदा परतफेडीची अपेक्षा धरली होती. इंग्रज जाणार हे स्पष्ट होताच जून १९४७ मध्ये त्याने फर्मान काढले की ब्रिटिश सत्ता गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र सार्वभौम राज्य होईल. जुलैमध्ये छत्तारीच्या नवाबांच्या पुढारपणाखाली त्याचे शिष्टमंडळ दिल्लीला गेले तेव्हा वऱ्हाडच्या परतीचा प्रश्न बोलण्यांत होताच. सर वॉल्टर माँक्टन हा लंडनचा नामांकित वकील निजामाचा सल्लागार होता. चारही बाजूंनी जमिनीने वेढलेल्या राज्याला समुद्र हवा, म्हणून गोव्याच्या मुरगाव बंदरावरही हैदराबादची नजर होती. एकीकडे वऱ्हाड, दुसरीकडे बंदर, आणि मध्ये स्वतंत्र राष्ट्र, असा नकाशा राजवाड्यात रंगत होता.

वऱ्हाडच्या लोकांनी मात्र आपला विचार आधीच केला होता. ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोल्यात वऱ्हाडातले आणि पश्चिम महाराष्ट्रातले नेते एकत्र बसले आणि करार झाला. त्यांच्या बोलण्याचा विषय मराठी मुलखाची पुढची घडण हा होता. निजामाकडे परत जाण्याची भाषा तिथे कोणी केली नाही.

यानंतरची कथा एका राजाची राहिली नाही, त्याच्या घरातल्या राजकारणाची झाली. लातूरचा वकील कासिम रझवी इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचा पुढारी होता आणि रझाकार ही त्याची सेना. ऑक्टोबर १९४७ मध्ये दिल्लीशी 'जैसे थे' कराराचा मसुदा ठरला, निजामाच्या मंत्रिमंडळाने तो मान्य केला. पण २७ ऑक्टोबरच्या पहाटे इत्तेहादच्या जमावाने माँक्टन आणि छत्तारी यांच्या घरांना वेढा घातला. निजाम मागे हटला, छत्तारींनी राजीनामा दिला. नवे शिष्टमंडळ दिल्लीला गेले आणि २९ नोव्हेंबरला सही झाली ती जवळजवळ त्याच मसुद्यावर. म्हणजे मिळाले काहीच नाही, गेले एवढेच की दरबारातला समजुतीचा आवाज गेला. मीर लायक अली पंतप्रधान झाले आणि रझवी सांगेल ती पूर्व दिशा झाली. लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याच्या आणि बंगालच्या उपसागराच्या लाटांनी निजामाचे पाय धुण्याच्या गोष्टी तो भर सभेत करी.

करार वर्षभरासाठी होता आणि दोन्ही बाजूंनी तक्रारींचा ढीग साचत गेला. हैदराबादने भारतीय चलनावर निर्बंध घातले, पाकिस्तानला २० कोटींचे कर्ज दिले, सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाकरवी चोरून शस्त्रे आणवली. भारताने मालाची कोंडी केली. दिल्लीतही एकमत नव्हते. काश्मीरची लढाई चालू होती, तो प्रश्न संयुक्त राष्ट्रांत होता, म्हणून नेहरू जपून पावले टाकत होते. सरदार पटेलांना हैदराबादचा विलंब देशाच्या पोटातला धोका वाटत होता. जून १९४८ मध्ये माउंटबॅटन यांनी जाता जाता शेवटचा मसुदा पुढे केला. त्यात लोकांना जबाबदार राज्यपद्धती देण्याची आणि विलीनीकरणाचा कौल जनतेकडून घेण्याची तरतूद होती. हैदराबादने तो नाकारला. वऱ्हाडवरचा हक्क सांगताना निजामाने वऱ्हाडकरांना विचारले नव्हते. आता स्वतःच्या प्रजेलाही विचारण्याची संधी त्याने सोडली.

त्या वर्षाला आमच्याकडे आजही 'रझाकारीचं साल' म्हणतात. घरातली वये त्याच्यावरून मोजली जात. थोरली आत्या रझाकारीच्या आधीची, काका रझाकारीनंतरचे. सरहद्दीवर स्टेट काँग्रेसच्या सैनिकांची केंद्रे उभी राहिली होती. ती वऱ्हाडात होती, सोलापूर-नगरकडे होती. त्यांनी करोडगिरीचे नाके जाळले, लेव्हीचे धान्य अडवले, पाटील-पटवाऱ्यांची दप्तरे पेटवली. रझाकार त्याचा सूड गावांवर उगवत. लूट, जाळपोळ, बायाबापड्यांवर अत्याचार, या बातम्या रोज कानावर येत. आबा सांगत, "रातीला दिवा लावायचा नाही. कुत्रं भुंकलं की सगळं घर उठून बसायचं."

त्या उन्हाळ्यात आमचे घर उठले. दोन गाड्या, त्यांत धान्याची पोती, वर लेकरे, आणि आजीच्या कडेवर तान्ही आत्या. रात्री निघून पूर्णा ओलांडली. उन्हाळ्यामुळे पात्रात पाणी बेताचे होते म्हणून बरे, नाहीतर गाड्या निघाल्याच नसत्या. पलीकडे आजीच्या माहेरी पोचल्यावर ज्या म्हाताऱ्याने लग्नात मोडता घातला होता, त्यानेच आपली ओसरी मोकळी करून दिली. मराठवाड्याच्या सरहद्दीवरच्या अशा अनेक घरांनी तेव्हा वऱ्हाडात, खानदेशात, नगर-सोलापुरात आसरा घेतला.

मी या प्रसंगाचा विचार करतो तेव्हा निजामाच्या दाव्याचा अर्थ मला लख्ख दिसतो. तो दावा १९४७ मध्ये मान्य झाला असता तर पूर्णेपलीकडची ती ओसरीही रझाकारांच्या टप्प्यात आली असती. माझ्या घरच्या माणसांना पळायला जागाच उरली नसती. तहनाम्याच्या भाषेत वऱ्हाड म्हणजे सार्वभौमत्व, भाडेपट्टा आणि २५ लाख रुपये. आजीच्या लेखी वऱ्हाड म्हणजे तिचे लेकरू जगले ती जागा.

याच काळात हैदराबाद शहरात एक तरुण संपादक लिहीत होता. शोएबुल्ला खान त्याचे नाव, 'इमरोज' त्याचे पत्र. हैदराबादने भारतात सामील व्हावे आणि रझाकारांना आवर घालावा, असे त्याने उर्दूत स्पष्ट लिहिले. २२ ऑगस्ट १९४८ च्या मध्यरात्रीच्या सुमारास त्याला गाठून ठार मारण्यात आले, लिहिणारा हात तोडण्यात आला. रझाकारांच्या विरोधात बोलण्याची किंमत मुसलमानांनीही मोजली, ही गोष्ट आमच्याकडे सप्टेंबरातल्या मुक्तिदिनी फार कमी वेळा उच्चारली जाते.

त्याच सुमारास निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार केली. परिषद पॅरिसमध्ये भरली होती. नवाब मोईन नवाज जंग हैदराबादची बाजू मांडायला गेले. ११ सप्टेंबरला जीना वारले. १३ तारखेला पहाटे भारतीय फौजा चहूबाजूंनी राज्यात शिरल्या. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची मुख्य फौज सोलापूरकडून निघाली, दुसरी तेव्हाच्या औरंगाबादच्या बाजूने. १५ सप्टेंबरपर्यंत औरंगाबाद आणि जालना हाती आले होते. १६ तारखेला पॅरिसमध्ये हैदराबादचा विषय चर्चेला घेण्यात आला. १७ तारखेला निजामाने हत्यार खाली ठेवले आणि २२ तारखेला तक्रारही मागे घेतली. सुरक्षा परिषदेच्या विषयांच्या यादीत मात्र 'हैदराबादचा प्रश्न' पुढे कित्येक दशके तसाच राहिला.

इथपर्यंतची गोष्ट आबा रंगवून सांगत. लष्कराच्या गाड्या, फुलांचे हार, नाक्याची मोडलेली फळी, परतीच्या गाड्या, सारे काही. त्याच्यापुढे ते गप्प होत. पुढचे आजीने सांगितले, तेही आबा गेल्यावर. आमच्या गल्लीत एक मुसलमान शिंपी होता. रझाकारांत तो कधी गेला नव्हता. उलट आमच्या गाड्या निघाल्या त्या रात्री कोणत्या वाटेवर पहारा आहे हे त्यानेच सांगितले होते. आमचे लोक परतले तेव्हा त्याचे घर रिकामे होते. लष्कर येऊन गेल्यानंतरच्या दिवसांत जिवाच्या भीतीने तो बायकापोरांसह निघून गेला होता. दिवाळीनंतर परत आला तेव्हा शिवणयंत्र घरात नव्हते. कोणी नेले, हे गावाला ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते. आबांनी त्याला नव्या यंत्रासाठी ७० रुपये हाली उसने दिले. पुढे हाली बंद होऊ लागले तेव्हा त्याने ते ६० कलदार करून फेडले. सातास सहा, हा बाजारभाव. आबांच्या चोपडीत ती नोंद मी स्वतः पाहिली आहे. यंत्र कोणी नेले याची नोंद कुठेच नाही.

हे आमच्या गल्लीतले. राज्यभर जे झाले ते याहून कितीतरी भयंकर होते. पंडित सुंदरलाल यांची समिती नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये राज्यात फिरली आणि भारताच्या या 'पोलीस कारवाई'च्या काळात व नंतर कमीत कमी २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. त्यांत मुसलमान फार मोठ्या संख्येने होते. उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत सर्वांत जास्त. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आलाच नाही.

नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने भारताची राज्यघटना स्वीकारली आणि १९५० मध्ये तो हैदराबादचा राजप्रमुख झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा आणि विदर्भ दोघेही द्विभाषिक मुंबई राज्यात आले, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. पूर्णेच्या दोन्ही काठांवर पहिल्यांदा एकच लोकनियुक्त सरकार आले. निजामाच्या दाव्याचे कागद आता अभिलेखागारात आहेत. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद सरकारच्या खात्यातून लंडनमधल्या पाकिस्तानी उच्चायुक्ताच्या नावावर दहा लाखांहून अधिक पौंड वळवले गेले होते, त्यांचा खटला २०१९ पर्यंत चालला आणि निकाल भारत व निजामाच्या वारसांच्या बाजूने लागला. पैशाचा हिशेब सत्तर वर्षांनी का होईना, लागला. माणसांचा लागलेला नाही.

निजामाचा वऱ्हाडवरचा दावा कायद्याच्या अंगाने पोकळ नव्हता. तरीही तो हरायलाच हवा होता. जमीन कोणाची हे १८५३ च्या तहनाम्यावरून ठरत नाही; त्या जमिनीवर राहणाऱ्यांना कोणाबरोबर राहायचे आहे यावरून ठरते. हाच न्याय भारताच्या बाजूने लावायचा, तर मुक्तीनंतर आपल्याच गावांत ज्यांना परके ठरवले गेले त्यांच्याही बाजूने तो लावावा लागतो. मुक्ती ही सगळ्या प्रजेची असते, नाहीतर ती नुसती सत्तापालट ठरते.

दर १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी तालुक्याच्या गावी झेंडावंदन होते. त्या सभेत स्वामी रामानंद तीर्थांचे नाव घ्यावे, गोविंदराव नानलांचे घ्यावे, आणि शोएबुल्ला खानाचेही घ्यावे. रझाकारांनी जाळलेल्या घरांची गोष्ट सांगावी आणि त्यानंतर लुटल्या गेलेल्या घरांचीही सांगावी. ते साल पाहिलेली माणसे आता मोजकी उरली आहेत. तुमच्या घरात, गल्लीत, शेजारच्या मोहल्ल्यात त्यांतले कोणी असेल, तर या सप्टेंबरची वाट न पाहता त्यांच्याजवळ बसा, त्यांनी जे सांगितले ते सगळे लिहून ठेवा, आणि ज्या जागी ते गप्प होतात तिथे पुन्हा एकदा मायेने विचारा.